शेतकऱ्याच्या पतपेढीचा जनक : फ्रीड्रिश विल्हेल्म रायफायझन

जमीन आहे, अंगात कष्टाचे बळ आहे, घरात राबणारी चार माणसे आहेत. आणि तरीही पहिला नांगर धरण्यापूर्वीच शेतकरी कर्जात बुडालेला आहे, ही दशा एकोणिसाव्या शतकात केवळ हिंदुस्थानातच होती असे समजण्याचे कारण नाही. ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ, थंड आणि हलक्या जमिनीचा प्रदेश आहे. तेथील शेतकरी त्या शतकात ज्या सापळ्यात सापडला होता, तो आपल्या दख्खनच्या पठारावरील कुणब्याला सहज ओळखता आला असता. या सापळ्यातून सुटण्याची वाट ज्याने शोधली, तो गृहस्थ अर्थशास्त्रज्ञ नव्हता, सावकार नव्हता, पुढारीही नव्हता. तो एक अल्पशिक्षित, अधू दृष्टीचा, सरकारी नोकरीतील माणूस होता. आपल्याकडे गावोगावी ज्या सहकारी पतपेढ्या आणि विविध कार्यकारी सोसायट्या झाल्या, त्यांचे मूळ शोधीत गेले की वाट त्याच्या दारापाशी येऊन थांबते. त्याचे नाव फ्रीड्रिश विल्हेल्म रायफायझन.

रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी झीग नदीकाठच्या हाम या लहानशा गावी झाला. नऊ भावंडांत ते सातवे. वडील शेती करीत आणि काही काळ गावचे प्रमुखही होते; परंतु त्यांच्या आजारपणाने घराची घडी विसकटली आणि संसाराचा भार आईवर पडला. उच्च विद्यालयाचे शिक्षण देण्याची ऐपत नव्हती. गावचे धर्मोपदेशक झायपेल यांनी या मुलाला जवळ करून जे शिकविले, तेवढीच त्यांची विद्येची शिदोरी. सतराव्या वर्षी, १८३५ मध्ये, ते प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाले. तेथे पुढे जाण्याची उमेद होती, पण डोळ्यांच्या विकाराने घात केला आणि १८४३ मध्ये लष्कर सोडावे लागले. त्यानंतर मुलकी नोकरीतील उमेदवारी करून १८४५ मध्ये ते वायरबुश येथे बर्गमास्टर म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी रेमागेन येथील एका औषधविक्रेत्याची कन्या एमिली श्टोर्क हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

बर्गमास्टर हा शब्द वाचून आपल्याकडील नगराध्यक्ष डोळ्यांपुढे येतो. पण येथे तो अर्थ घेऊ नये. अनेक खेड्यांच्या समूहावर सरकारने नेमलेला हा अधिकारी असे. सारा, शाळा, रस्ते, गोरगरिबांची तरतूद ही सर्व कामे त्याच्याकडे. जुन्या महालकऱ्याशी त्याची तुलना अधिक जवळची ठरेल. वेतन बेताचे, फिरती पायी किंवा घोड्यावर आणि प्रजेच्या दारिद्र्याशी गाठ रोजची. रायफायझन यांनी वायरबुशला प्रथम शाळेच्या बांधकामात लक्ष घातले आणि पुढे डोंगरातील खेडी ऱ्हाइनच्या खोऱ्याशी जोडणाऱ्या रस्त्याचा ध्यास घेतला. रस्त्यावाचून माल बाजारात जात नाही आणि शाळेवाचून हिशेब कळत नाही, ही दृष्टी त्यांना प्रारंभीच होती.

त्या काळच्या वेस्टरवाल्डमधील शेतकऱ्याची अडचण नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात शेतकरी जमीनदारांच्या वेठबिगारीतून मुक्त झाला. मात्र मुक्तीबरोबर भांडवल मिळाले नाही. उलट जुन्या हक्कांच्या मोबदल्याचे ओझे पुष्कळांच्या डोक्यावर आले. त्यात वारसाहक्काने शेताचे तुकडे सर्व मुलांत वाटण्याची त्या भागातील रीत. बाप गेला की चार भावांच्या चार चुली होत आणि नव्याने संसार मांडणाऱ्या तरुणाच्या वाट्याला इकडे एक, तिकडे एक अशा चिंचोळ्या पट्ट्या येत. जमीन मिळे, पण गोठा रिकामा. बी विकत आणावयाचे आणि पहिले पीक हाती येईपर्यंत खायचे काय हा प्रश्न उभाच.

अशा घरात सर्वांत आधी गाय हवी असे. लहान शेतकऱ्याची गाय केवळ दुधासाठी नव्हती. तीच नांगराला जुंपली जाई, तिच्याच शेणाने हलकी जमीन धरून राही आणि वासरू विकून वर्षाचा रोख खर्च निघे. गाय घेण्यास पैसा नसला की तरुण शेतकरी गुरांच्या व्यापाऱ्याकडे जाई. व्यापारी गाय उधारीवर देई. किंमत मात्र आपल्या मनाची लावी. कधी गाय व्यापाऱ्याच्याच मालकीची राही आणि शेतकरी ती अर्धेलीने पोशी. चारा याचा, राबणे याचे, आणि गाय चांगली पुष्ट होऊन दुधाला आली की व्यापारी ती घेऊन जाई व दुसरी मरतुकडी दावणीला बांधी. हप्ता थकला की व्याजावर व्याज चढे, कागद पुन्हा लिहिला जाई आणि शेवटी जमिनीचा एखादा पट्टा त्यात जाई. गाय आणण्यासाठी गेलेला माणूस शेत देऊन परत येई. यात शेतकऱ्याचा आळस वा उधळेपणा नव्हता. पहिले पाऊल टाकण्यासाठी लागणारे थोडे भांडवल योग्य मुदतीने देणारा कोणी नव्हता, एवढेच त्याचे दुर्दैव.

या दुखण्याकडे रायफायझन यांचे लक्ष एका दुष्काळाने वेधले. १८४५ पासून युरोपभर बटाट्यावर करपा पडला होता. १८४६ मध्ये धान्याचे पीकही बुडाले आणि १८४६-४७ च्या हिवाळ्यात वेस्टरवाल्डमध्ये उपासमार सुरू झाली. सरकारने पीठ पाठविले. परंतु ते रोख पैसे घेऊनच द्यावे असा हुकूम होता. ज्यांच्याजवळ रोख पैसा होता त्यांना त्या पिठाची गरज नव्हती. रायफायझन यांनी हुकूम बाजूस ठेवला आणि पीठ उधारीवर वाटले. सरकारी नोकराने हे करणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको. त्यानंतर त्यांनी गावातील सधन लोकांकडून पैसा उभा करून भाकर-मंडळ स्थापन केले, सार्वजनिक भट्टी बांधली आणि बाजारभावाच्या सुमारे निम्म्या दराने पाव पुरविला. घेणाऱ्याने पीक आल्यावर पैसे फेडावयाचे. पुढील पेरणीसाठी बियाण्याचे बटाटेही याच मंडळाने आणवून दिले. विशेष हे की लोकांनी पैसे बहुतांशी परत केले. हिवाळा सरला, पण गरीब शेतकरी मुदत मिळाल्यास कर्ज बुडवीत नाही हा अनुभव रायफायझन यांच्या मनात कायमचा कोरला गेला.

१८४८ मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. मोठा टापू, खेडी अधिक आणि गुरांच्या उधारीचा जाच वायरबुशपेक्षाही तीव्र. १८४९ मध्ये त्यांनी तेथील सुमारे साठ सधन गृहस्थांना एकत्र आणून गरजू शेतकऱ्यांसाठी साहाय्यक मंडळ काढले. या साठ जणांनी रोख पैसा थोडाच दिला. त्यांनी दिली ती आपली पत. मंडळाने घेतलेल्या कर्जाला सर्वांनी मिळून, आपल्या संपूर्ण मालमत्तेनिशी, जामीन राहावयाचे असे ठरले. एवढ्या भरवशावर बाहेरून माफक व्याजाने पैसा मिळाला. मंडळाने त्यातून गुरे विकत घेऊन शेतकऱ्यांना दिली आणि किंमत पाच वर्षांच्या हप्त्यांनी फेडण्याची सवलत ठेवली.

पाच वर्षे ही मुदत सहज ठरविलेली दिसत नाही. गाय पहिल्या वर्षी जेवढे देते, त्यातले पुष्कळसे तिच्या चाऱ्यात आणि घरच्या दुधात जाते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वासरे विकण्याजोगी होतात. शेणखताचा गुण जमिनीत उतरून पीक वाढावयास तेवढाच काळ लागतो. म्हणजे गाईची किंमत गाईनेच फेडावी असे वाटत असेल, तर तिला तेवढी सवड दिली पाहिजे. वर्षाच्या आत मुद्दल मागणारा, व्याज कितीही कमी घेवो, शेतकऱ्याला गाय विकावयास लावतो. नव्याने शेतीत पडणाऱ्या माणसाला कर्ज द्यावे की नाही एवढ्यावरच विचार थांबत असे. कर्जाची मुदत ज्या वस्तूसाठी कर्ज घेतले तिच्या उत्पन्नाच्या चालीशी जुळली पाहिजे, हे फ्लामर्सफेल्डच्या गोठ्यांतून प्रथम स्पष्ट झाले. रायफायझन यांच्या सर्व कार्यातील हाच कळीचा मुद्दा आहे असे म्हणावयास हरकत नाही. पुढे त्यांचा सर्वांत कडवट वाद झाला तोही याच मुद्द्यावर.

काही काळाने मंडळ गुरांऐवजी रोख कर्जेही देऊ लागले. १८५२ मध्ये रायफायझन नॉयवीडजवळच्या हेडेसडॉर्फ येथे बदलून आले आणि १८५४ मध्ये तेथे त्यांनी एक लोककल्याण मंडळ स्थापन केले. त्याचा पसारा मोठा होता. अनाथ व दुर्लक्षित मुलांचे संगोपन, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, गरीब शेतकऱ्यांना गुरे आणि कर्जाची पेढी अशी अनेक कामे एकाच मंडळाने अंगावर घेतली. येथेच त्यांच्या आयुष्यातील खरा पेच उभा राहिला.

रायफायझन हे श्रद्धाळू प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते. सधनांनी शेजारधर्म म्हणून दुबळ्यांना हात द्यावा, ही त्यांची जीवननिष्ठा होती आणि आतापर्यंतची त्यांची सर्व मंडळे याच पायावर उभी होती. मदत करणारे एका बाजूला, मदत घेणारे दुसऱ्या बाजूला. पण दुष्काळाची आठवण जसजशी पुसट होऊ लागली, तसतसा जामीन राहणाऱ्यांचा उत्साह ओसरू लागला. ज्याला स्वतःला कर्ज नको, त्याने दुसऱ्याच्या कर्जासाठी आपले घरदार अडकवून का ठेवावे? हा प्रश्न कोणी उघड विचारो वा न विचारो, सभासद गळू लागले. दुसरीकडे, कर्ज घेणारा मंडळाचा कोणीच नसल्याने मंडळाची त्याला आच नव्हती. सहकाराचे दुसरे जर्मन प्रवर्तक हेर्मान शुल्झ, जे आपल्या डेलिच या गावावरून शुल्झ-डेलिच या नावाने प्रसिद्ध आहेत, ते शहरातील कारागिरांत स्वावलंबी पेढ्या १८५० पासून चालवीत होते. त्यांचे म्हणणे असे की दान टिकत नाही. ज्याला गरज आहे त्यानेच सभासद व्हावे. रायफायझन यांना हा विचार पटण्यास बरीच वर्षे लागली आणि तो त्यांनी आनंदाने स्वीकारला असे दिसत नाही. परंतु स्वतःच्याच संस्था डोळ्यांदेखत मोडताना पाहून त्यांनी आपले मत बदलले. १८६२ मध्ये आनहाउझेन येथे आणि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे कर्ज-पेढी मंडळे निघाली, ती नव्या तत्त्वावर : कर्ज घेणारा हा सभासद आणि सभासद हाच दुसऱ्या सभासदाचा जामीन.

या मंडळांची घटना साधी होती, पण तिच्यातील एकेक कलम अनुभवाच्या भट्टीतून निघालेले होते. मंडळाचे क्षेत्र एका गावापुरते किंवा एका चर्चच्या टापूपुरते. यामागे भाबडी ग्रामभक्ती नव्हती, व्यवहार होता. ज्याच्याजवळ तारण नाही त्याला कर्ज द्यावयाचे तर त्याचा स्वभाव, त्याचा हात, त्याचे घर माहीत हवे आणि ही माहिती शेजाऱ्याखेरीज कोणाजवळ असते? शहरातील बँकेला एका लहान शेतकऱ्याची चौकशी करण्यासच त्याच्या कर्जाइतका खर्च येईल. शेजाऱ्याला ती फुकट उपलब्ध आहे. अमर्याद जबाबदारी हे दुसरे कलम ऐकताना भयंकर वाटते. एकाने कर्ज बुडविले तर बाकीच्यांनी आपल्या मालमत्तेतून भरावयाचे. परंतु यामुळेच प्रत्येक सभासद दुसऱ्याच्या कर्जाकडे डोळ्यांत तेल घालून पाही. बी घेण्यासाठी नेलेला पैसा लग्नसमारंभात गेला काय, गाय खरोखर दावणीला आली काय, याची तपासणी आपोआप होई. आणि ज्या गावात कोणा एकाची पत शून्य आहे, तेथे शंभर जणांची एकत्रित पत मोठी असते. बाहेरचा ठेवीदार त्या पतीवर पैसा ठेवावयास तयार होई.

कर्ज कारणासाठीच मिळे : गाय, बी, खत, अवजार, जमिनीची सुधारणा. कारण सांगावे लागे, दोन जामीन द्यावे लागत आणि परतफेडीचे हप्ते आधीच लिहून ठेवले जात. येथे नवख्या शेतकऱ्याला आणखी एक लाभ होई, ज्याचा फारसा उल्लेख होत नाही. पंचमंडळापुढे बसून आपल्याला किती हवे, कशासाठी हवे, कोणत्या हंगामात कोणत्या विक्रीतून किती परत करता येईल, हे त्याला बोलून दाखवावे लागे. आयुष्यात प्रथमच तो वर्षाचा जमाखर्च आगाऊ मांडी, आणि समोर बसलेले म्हातारे शेतकरी त्याचा अंदाज कोठे चुकतो हे सांगत. ही शिकवण कर्जाइतकीच मोलाची होती.

मंडळाचे काम सर्वांनी विनावेतन करावयाचे. मोबदला मिळे तो फक्त हिशेबनिसाला. नफा वाटावयाचा नाही. जे शिल्लक राहील ते अविभाज्य राखीव निधीत टाकावयाचे आणि मंडळ मोडले तरी तो निधी सभासदांनी वाटून घ्यावयाचा नाही, असा दंडक होता. भागभांडवलाला रायफायझन यांचा मुळात विरोधच होता. ज्याच्याजवळ गाय घेण्यापुरता पैसा नाही त्याला आधी भाग घ्या म्हणून सांगणे म्हणजे दार उघडून उंबरठा उंच करणे, अशी त्यांची भूमिका होती.

या वर्षांत त्यांच्या घरावर आघातावर आघात होत होते. १८६३ मध्ये पत्नी एमिली निवर्तली. स्वतःचे दीर्घ आजारपण आणि दृष्टीची वाढती क्षीणता यांमुळे १८६५ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सरकारी नोकरीतून निवृत्त व्हावे लागले. निवृत्तिवेतन तुटपुंजे. मुलांचे पोट भरण्यासाठी त्यांनी प्रथम सिगार करण्याचा लहानसा कारखाना चालविला आणि नंतर मद्याची पेढी काढली. पतपेढ्यांचा हा जनक स्वतः पोटासाठी दुकानदारी करीत होता आणि उरलेल्या वेळात खेडोपाडी पेढ्या उभारीत होता. १८६६ मध्ये त्यांनी ग्रामीण दैन्याच्या निवारणासाठी कर्ज-पेढी मंडळे कशी स्थापावीत यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात घटनेचे नमुने, हिशेबाच्या वह्यांचे नमुने, अर्जाचे नमुने सर्व होते. कोणत्याही खेड्यातील शिक्षकाने किंवा धर्मोपदेशकाने पुस्तक समोर ठेवून मंडळ काढावे, इतके ते उपयोगी होते. त्यांच्या हयातीतच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. दृष्टी जवळजवळ गेलेली असताना हे लेखन आणि अफाट पत्रव्यवहार चालू राहिला तो थोरली कन्या अमाली हिच्यामुळे. ती वाचून दाखवी, सांगितलेले लिहून घेई, वह्या तपाशी. १८६८ मध्ये रायफायझन यांनी दुसरा विवाह केला. पण कामाचा भार अमालीवरच राहिला. तिने विवाह करू नये असा वडिलांचा आग्रह होता आणि ती अविवाहित राहिली. हजारो कुटुंबांच्या संसाराची चिंता वाहणाऱ्या या माणसाने आपल्या मुलीच्या संसाराचा विचार केला नाही, हे लिहिताना लेखणी अडखळते. पण चरित्रातून ते वगळता येत नाही.

आणखीही एक गोष्ट वगळणे योग्य नाही. गुरांचे व्यापारी आणि सावकार यांत त्या भागात ज्यू लोक बरेच होते. रायफायझन यांच्या लेखनात त्यांच्याविषयी जे उद्गार आढळतात, ते एका धंद्यातील लबाडीचा दोष संपूर्ण समाजावर टाकणारे आहेत. पुढील शतकात जर्मनीत त्या पूर्वग्रहाने कोणते रूप घेतले हे जगाला माहीत आहे. त्यामुळे अलीकडच्या अभ्यासकांनी या बाबतीत त्यांची कठोर झाडाझडती घेतली आहे.

१८७० नंतर चळवळ वाढू लागली तशी शुल्झ-डेलिच यांच्याशी ठिणगी पडली. शुल्झ हे कायदेपंडित, माजी न्यायाधीश, संसदपटू. सहकारी संस्थांचा प्रशियाचा १८६७ चा कायदा त्यांच्याच परिश्रमाचे फळ. त्यांचा आक्षेप वरवरचा नव्हता. ठेवीदार थोड्या सूचनेवर पैसा परत मागू शकतो. मग मंडळे शेतकऱ्यांना पाच-पाच, दहा-दहा वर्षांच्या मुदतीने कर्ज कशी देतात? एकदम ठेवी काढल्या गेल्या तर पेढी बुडणार नाही काय? भागभांडवल नाही, लाभांश नाही, हिशेबनीस सोडल्यास पगारी माणूस नाही. हा धंदा आहे की धर्मादाय? शुल्झ यांच्या पेढ्यांत तीन महिन्यांचे कर्ज ही सर्वसाधारण रीत होती. चांभाराने कातडे घेतले, जोडे केले, विकले, पैसे परत केले. त्याला तीन महिने पुरतात. शेतकऱ्याला ते पुरत नाहीत. रायफायझन यांचे उत्तर असे की गावातील ठेवीदार हा शेजारी असतो, तो घाबरून पळत नाही. मंडळाला अडचणीत कर्ज लवकर परत मागण्याचा हक्क राखलेला आहे. आणि एका गावाची चणचण दुसऱ्या गावाच्या शिलकीतून भागविण्यासाठी वरची बँक हवी. बँकिंगच्या शुद्ध शास्त्राने पाहिले तर शुल्झ यांचा इशारा चुकीचा नव्हता. पण त्यांचा नियम तंतोतंत पाळला असता तर शेतकऱ्याच्या उपयोगाची पेढी कधी निघालीच नसती. सरकारने नेमलेल्या चौकशी-मंडळाने रायफायझन यांची मंडळे जाऊन पाहिली आणि एकंदरीत अनुकूल मत दिले.

वरच्या बँकेचा प्रयत्न त्यांनी १८७२ मध्ये नॉयवीड येथे केला होता. संस्थांनी सभासद होऊन चालविलेली ती बँक, आणि १८७४ मधील सर्व जर्मनीसाठीची तशीच योजना, कायद्याच्या चौकटीत बसत नाही असा आक्षेप शुल्झ यांनी घेतला आणि तो मान्य झाला. तेव्हा १८७६ मध्ये भागभांडवली कंपनीच्या स्वरूपात मध्यवर्ती कर्ज-पेढी स्थापन करणे भाग पडले. पुढच्याच वर्षी मंडळांचा संघ निघाला; त्याच्याकडे हिशेब-तपासणी व मार्गदर्शन ही कामे आली. बी-बियाणे आणि खते एकत्र खरेदी करण्याचीही व्यवस्था होऊ लागली. त्यामुळे कर्जाचा पैसा दुकानदाराच्या भेसळीत न जाता शेतात जाऊ लागला. या अखेरच्या काळात रायफायझन यांचा कारभार काहीसा एकतंत्री झाला. विल्हेल्म हास यांच्यासारखे सहकारी वेगळे झाले आणि त्यांनी अधिक मोकळ्या धर्तीचा दुसरा संघ उभारला.

११ मार्च १८८८ रोजी हेडेसडॉर्फ येथे रायफायझन यांचे निधन झाले. सत्तर वर्षे पुरी होण्यास एकोणीस दिवस उरले होते. त्यांच्या संघात त्या वेळी चारशेहून अधिक मंडळे होती. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, जर्मन साम्राज्याचा नवा सहकारी कायदा झाला. मर्यादित जबाबदारीच्या संस्था आणि संस्थांच्या संस्था या दोहोंना त्याने मान्यता दिली आणि त्यानंतर ही मंडळे हजारोंच्या संख्येने पसरली. सहकारी संस्थांची कल्पना व परंपरा जर्मनीच्या वतीने २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदली गेली, तीत शुल्झ आणि रायफायझन या दोघांचाही वारसा आहे.

हिंदुस्थानात हे नाव पोहोचले ते दंगलींच्या आणि दुष्काळांच्या मागोमाग. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि वणवा पुणे-नगरच्या खेड्यांत पसरला. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला, १८८३ व १८८४ मध्ये तगाईचे कायदे झाले. न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना आखली होती. ती विलायतेतील मंत्रिकचेरीत अडली. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये अन्योन्य सहकारी मंडळी निघाली, पण ती शहरातील मध्यमवर्गीयांची. शेतकऱ्यासाठी नेमके काय करावे याचा अभ्यास मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याकडे सोपविला. त्यांनी युरोपातील पेढ्यांची पाहणी करून १८९५ व १८९७ मध्ये दोन खंडांत अहवाल दिला. त्या प्रचंड अहवालाचे सार एवढेच होते की कायदे आणि बँका नंतर. आधी गावोगावी रायफायझन शोधून काढा.

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचे रायफायझनी तत्त्व स्वीकारले. त्या कायद्याखालील पहिल्या शेती पतसंस्थेची नोंदणी १९०५ मध्ये झाली, ती तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात, गदग तालुक्यातील कणगिनहाळ या खेड्यात. तिचे प्रवर्तक सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील. नगर जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये पतपेढी काढली आणि त्याच मुळावर पुढे १९५० मध्ये प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला. परंतु अशी उदाहरणे विरळ राहिली. जर्मनीत मंडळ गावातून उगवून वर गेले. इकडे निबंधकाची कचेरी आधी आणि गाव मागाहून असा क्रम पडला. रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पन्नास वर्षांच्या खटाटोपानंतर शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला.

त्यानंतर शासनाने भागभांडवलात हिस्सा घेऊन संस्थांची फेरबांधणी केली. अमर्याद जबाबदारीचे कलम हळूहळू मागे पडले, एका गावाऐवजी अनेक गावांची मिळून संस्था होऊ लागली. मात्र सहकारी शेती कर्जाची जी वर्गवारी रूढ झाली, तीत पेरणीसाठी अल्प मुदत, जमिनीच्या कायम सुधारणेसाठी दीर्घ मुदत आणि या दोहोंमध्ये बैलजोडी, दुभते जनावर व अवजारे यांसाठी मध्यम मुदत असे भाग पाडले गेले. त्या मध्यम मुदतीची मर्यादा पाच वर्षांची ठरली. फ्लामर्सफेल्डच्या साठ जामिनांनी १८४९ मध्ये गाईसाठी दिलेली मुदत तेवढीच होती.